मजकुरात राहणारी यंत्रे

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाती 'व्हर्श' रोज असते, पण तिच्याविषयी आस्थेने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. लिनक्सच्या टर्मिनलवर चालणारी ही आज्ञावली एका संगणकाच्या आत अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हीएम, उभी करते, चालू-बंद करते, एकमेकांना जोडून देते.

तिच्यामागे तीन प्रकल्प आहेत. फॅब्रिस बेलार्द या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ मध्ये आणलेला 'क्यूईमू' डिस्कपासून नेटवर्क कार्डापर्यंत अख्ख्या संगणकाची नक्कल करतो. प्रोसेसरचीही नक्कल करायची म्हटली की काम रेंगाळते. ती अडचण 'केव्हीएम'ने सोडवली. इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच दिलेल्या सोयी वापरून ते व्हीएमच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवते. अवी किविटी यांनी 'क्युमरानेट' या इस्रायली कंपनीत ते लिहिले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६.२० या आवृत्तीत ते दाखल झाले. तिसरा प्रकल्प 'लिबव्हर्ट', डॅनियल व्हेयार यांनी रेड हॅटमध्ये २००५ साली सुरू केलेला; व्हर्श ही त्याचीच आज्ञावली. एक्सएमएल वाचणारी 'लिबएक्सएमएल२' ही लायब्ररीही त्यांचीच. तेव्हा लिबव्हर्टमधल्या प्रत्येक यंत्राचे वर्णन एक्सएमएलमध्ये असावे, यात नवल नाही.

माझ्या मते या वर्णनातच सगळे मर्म आहे. मेमरी किती, डिस्क कोणती, कार्ड कोणत्या जाळ्याला जोडलेले, हे सारे साध्या मजकुरात लिहिलेले असते. मजकूर जपता येतो, जुन्या प्रतीशी ताडून पाहता येतो, स्क्रिप्टमधून हवा तेव्हा नव्याने घडवता येतो. पडद्यावरची बटणे दाबून उभारलेल्या सर्व्हरची अशी नोंद मागे उरत नाही. उभारणारा माणूस नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

व्हर्शच्या आज्ञांचा स्वभाव मात्र ओळखून असावा. 'शटडाउन' यंत्राला बंद होण्याची विनंती करते आणि आतली प्रणाली ती कानाआड करू शकते. 'डिस्ट्रॉय' सरळ वीज तोडते. डिस्क मात्र जागेवर राहते. म्हणून चांगली स्क्रिप्ट आधी विनंती करते, काही वेळ स्थिती विचारत राहते आणि अगदी नाइलाज झाला तरच वीज तोडते. एवढ्या धीराने कितीतरी डेटाबेस वाचतात.

खरी कसोटी नेटवर्कची. लिबव्हर्ट बसवले की बहुधा 'डीफॉल्ट' नावाचे जाळे तयारच मिळते. त्याचा प्रवेशद्वार पत्ता १९२.१६८.१२२.१ आणि त्यातले पत्ते वाटण्याचे काम 'डीएनएसमास्क' करतो. यंत्रे एकमेकांशी बोलतात, इंटरनेटवरही जातात. पण बाहेरच्या कोणाला आपणहून आत येता येत नाही. सरावासाठी हे उत्तम. कार्यालयातल्या इतरांना एखादे व्हीएम दिसायला हवे असेल, तर ब्रिज बांधावा लागतो: खरे नेटवर्क कार्ड ब्रिजला जोडायचे आणि संगणकाचा आयपी पत्ता कार्डावरून ब्रिजवर न्यायचा. दूरवरून हे करताना एक ओळ चुकली तर संपर्कच तुटतो. उबुंटूवरची 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा इथे मोठा आधार आहे. १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर ती जुनी मांडणी परत आणते. वायफायवर असा ब्रिज सहसा चालत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट अनोळखी मॅक पत्त्यावरून आलेला डेटा स्वीकारत नाही.

सगळ्यात चकवणारी गोष्ट प्रतींची. उबुंटू सर्व्हरच्या एकाच मूळ डिस्कवरून पाच यंत्रे उठवावीत, प्रत्येकाला निराळा मॅक पत्ता द्यावा, तरी पाचही जण एकच आयपी पत्ता घेऊन बसतात. पाचांमधली 'मशीन-आयडी' ही फाइल तीच असते आणि पत्ता मागताना तिच्यावरून बनलेला क्रमांक ओळख म्हणून पुढे केला जातो. 'व्हर्ट-सिसप्रेप' ही आज्ञा ती फाइल पुसून देते, मग प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख तयार करते. मूळ यंत्र बंद असताना, प्रती काढण्याआधी ही आज्ञा मूळ डिस्कवर चालवायची. स्क्रिप्टमध्ये त्या ओळीच्या शेजारी कारणही लिहून ठेवायचे, म्हणजे पुढचा प्रशासक ती ओळ अनावश्यक समजून काढणार नाही.