गोंधळात हरवतो तो उपप्रश्न

संसदेचे अधिवेशन सुरू असले की संध्याकाळच्या बातम्यांत दिल्लीचे एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. फलक घेऊन हौद्यात उतरलेले खासदार, शांत राहण्याची विनंती करणारे अध्यक्ष आणि बारा वाजेपर्यंत तहकूब झालेले सभागृह. ते पाहून बहुतेकांचे दोन समज पक्के होतात. एक, प्रश्न विचारणे म्हणजे उभे राहून आवाज चढवणे. दुसरा, सभागृह तहकूब झाले म्हणजे त्या दिवशीचे प्रश्न वाया गेले. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते दूर व्हायला हवेत. मंत्र्याला जाब विचारण्याची ही सोय नेमकी कुठे काम करते आणि कुठे मोडते, हे कळल्याशिवाय आपण आपल्या खासदाराकडे काय मागायचे तेही कळत नाही.

"खासदार उठतो आणि मनात येईल ते विचारतो"

प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, म्हणून रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्याच दिवशी लागतो. आलेल्या नोटिसांची सोडत निघते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचा प्रश्न, अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा. छापील यादीत तारांकित प्रश्न हिरव्या कागदावर असतात आणि अतारांकित पांढऱ्या. एका खासदाराला एका दिवशी एकच तारांकित प्रश्न मिळू शकतो.

प्रश्नाच्या मजकुरालाही शिस्त आहे. तो दीडशे शब्दांपलीकडे जाता कामा नये. त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, कुणावर आरोप नको. मंत्र्याचे मत विचारायचे नाही, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाविषयी विचारायचे नाही. म्हणून चांगला प्रश्न वाचायला कोरडा लागतो: अमुक योजनेत गेल्या तीन वर्षांत राज्यवार किती निधी दिला, किती खर्च झाला, खर्च न होण्याची कारणे काय. हा कोरडेपणा कामाचा आहे. आरोपाला मंत्री प्रत्यारोपाने उत्तर देऊ शकतो, राज्यवार आकडा मात्र मांडावाच लागतो.

सभागृहात तो क्षण अगदी छोटा असतो. अध्यक्ष प्रश्न क्रमांक आणि सदस्याचे नाव पुकारतात. मंत्री उठून एवढेच सांगतात की उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे. ते वाचूनही दाखवले जात नाही. खरा प्रसंग त्यानंतरचा. प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न विचारता येतात आणि मग अध्यक्षांच्या परवानगीने इतर सदस्यांना. हे उपप्रश्न आधी कळवलेले नसतात. त्यांच्यासाठी मंत्रालयातले अधिकारी संभाव्य प्रश्नांची जाड टिपणे तयार करून देतात. पण मंत्र्याला स्वतःच्या खात्याची किती माहिती आहे, हे त्या पाच-सात मिनिटांत कुणापासून लपत नाही.

"गोंधळ झाला, प्रश्न बुडाला"

प्रश्न बुडत नाही. तहकुबी झाली तरी अतारांकित प्रश्नांची उत्तरे पटलावर येतातच आणि तोंडी उत्तरापर्यंत न पोहोचलेल्या तारांकित प्रश्नांचीही लेखी उत्तरे नोंदवली जातात. बुडतो तो उपप्रश्न. आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान तेच आहे.

उपप्रश्नाचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १८९२च्या कायद्याने कायदे मंडळातल्या हिंदी सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर आले की विषय संपला. त्यावर पुढचे काही विचारता येत नसे. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थसंकल्पावर भाषणे करत होते, मिठावरच्या करापासून लष्करी खर्चापर्यंत आकडे मांडून सरकारला जेरीस आणत होते, तेव्हाही त्या अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यापुरता उपप्रश्न मान्य केला. आज शेवटच्या बाकावरच्या सदस्यालाही तो हक्क आहे आणि आपण तो घोषणांत घालवतो. यात कोणताही पक्ष अपवाद नाही. जो विरोधात असतो तो कामकाज अडवतो आणि सत्तेत आला की तोच संसदीय शिस्तीचे धडे देतो.

वीसही तारांकित प्रश्नांना तोंडी उत्तरे मिळणे किती दुर्मीळ आहे, हे एका नोंदीवरून कळेल. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत ते घडले, आणि त्याआधी तसे घडले होते १९७२ मध्ये. उलट ३० नोव्हेंबर २००९ रोजी प्रश्न लावून घेतलेले बहुतेक सदस्य सभागृहात हजरच नव्हते. मंत्री तयार बसलेले आणि विचारणारा कुणी नाही, अशा स्थितीत प्रश्नोत्तराचा तास वेळेआधीच आटोपला. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात, कोविडच्या काळात, प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे तेवढी राहिली. लेखी उत्तरे आली ना, मग काय बिघडले, असा युक्तिवाद तेव्हा झाला. लेखी उत्तराला मंत्र्याचा चेहरा नसतो, हे बिघडले.

"मंत्र्यांना अडचणीत आणतात ते विरोधकच"

स्वतंत्र भारतातल्या प्रश्नोत्तराच्या तासातला पहिला मोठा बळी सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी घेतला. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले. विमेदारांचा पैसा सरकारच्या हाती आला. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले, तेही गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून. कंपन्या अडचणीत होत्या. सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला तो काँग्रेसचे राम सुभग सिंह यांचा. उत्तर गुळमुळीत मिळाले. डिसेंबरमध्ये रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी उठले आणि तारखा व भाव मांडत त्यांनी अर्थ मंत्रालयाच्या उत्तरांतली विसंगती उघडी केली. ते पंतप्रधान नेहरूंचे जावई होते, आणि ज्यांना ते विचारत होते ते टी. टी. कृष्णम्माचारी नेहरूंचे विश्वासू अर्थमंत्री.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि ती ऐकायला लोकांची गर्दी लोटली. आपल्या सचिवाने केलेल्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असे छागलांनी नोंदवले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. प्रश्न, गुळमुळीत उत्तर, त्या उत्तरावरचा उपप्रश्न, मग चर्चा आणि चौकशी, अशा पायऱ्यांनी हे सगळे सहा महिन्यांत घडले. यात कुणीही फलक घेऊन हौद्यात उतरले नव्हते.

पैसे घेऊन प्रश्न विचारल्याची प्रकरणेही आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. १९५१ मध्ये मुंबईच्या एच. जी. मुदगल यांना सराफ बाजाराच्या संघटनेसाठी काम केल्यावरून जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना चित्रीकरण प्रसारित झाल्यापासून अकरा दिवसांत बडतर्फ केले गेले. त्यांपैकी दोघे जळगाव आणि एरंडोल या आपल्याच मतदारसंघांतले. पण त्यावरून प्रत्येक प्रश्नामागे पैसा असतो असे म्हणणे, हा प्रामाणिकपणे अभ्यास करून विचारणाऱ्यांवर अन्याय आहे.

"'माहिती गोळा केली जात आहे' म्हणजे टोलवाटोलवी"

बऱ्याचदा असते. पण सभागृहात उच्चारलेल्या त्या वाक्याची किंमत मंत्र्याला मोजावी लागते. "माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल", "विषय विचाराधीन आहे" ही वाक्ये आश्वासने म्हणून नोंदली जातात आणि तीन महिन्यांत ती पुरी करायची असतात. त्यावर देखरेख ठेवणारी आश्वासन समिती १९५३ पासून काम करते. तिची स्थापना लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले, बडोद्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत वकिली केलेले मावळंकर स्वतः काँग्रेसचे होते, तरी सरकारने सभागृहात दिलेला शब्द कुणीतरी मोजत राहिला पाहिजे, याविषयी ते ठाम होते. मुदतवाढ मागून आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात हेही खरे आहे. पण ती नोंदीत राहतात आणि समिती सचिवांना बोलावून विचारू शकते. उत्तर अपुरे वाटले तर त्यावर अर्धा तास चर्चा मागण्याचीही सोय आहे. तातडीचे विषय मांडण्याच्या शून्य प्रहरात मांडलेल्या विषयाला यातले काही लागू होत नाही. तिथे मंत्र्याने उत्तर द्यायचे बंधनच नाही, आणि टीव्हीवर सगळ्यांत जास्त दिसतो तो शून्य प्रहरच.

"दिल्लीतल्या गुन्ह्यांबद्दल आमदार गप्प का?"

कारण पोलीस त्यांच्या अखत्यारीत नाहीत. १९९१च्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडे राहिले. रोहिणीतल्या घरफोडीबद्दल जाब विचारायचा तर तो लोकसभेत, केंद्रीय गृहमंत्र्यांना. यमुना ओलांडून नोएडात गेलात की पोलिसांचा प्रश्न लखनौच्या विधानसभेत जातो, आणि गुरुग्रामचा चंदीगडला. मेट्रो मात्र या तिन्ही हद्दींतून धावते, आणि दिल्ली मेट्रो रेल महामंडळात केंद्र व दिल्ली सरकारचा निम्मा-निम्मा वाटा असल्याने तिच्याबद्दल संसदेत विचारता येते. हवेच्या प्रदूषणाचेही तसेच. २०२१च्या कायद्याने राजधानी क्षेत्र आणि लगतच्या भागासाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग नेमला गेला, म्हणून हिवाळी अधिवेशनात धुरक्याचे प्रश्न केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांपुढे येतात. सरकारच्या अखत्यारीबाहेरचा प्रश्न दाखलच होत नाही, म्हणून हे ठाऊक असावे लागते.

"खर्चाचा जाब लोकलेखा समिती मंत्र्याला बोलावून घेते"

ही समिती मंत्र्यांना नव्हे, खात्याच्या सचिवांना बोलावते. २२ सदस्यांच्या या समितीत मंत्री असू शकत नाही आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. डिसेंबर २०१० मध्ये टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीतल्या बुराडीच्या काँग्रेस अधिवेशनात स्वतः समितीपुढे यायची तयारी दाखवली, तेव्हा खळबळ उडाली ती त्यामुळेच. तसे ते कधी घडले नाही.

समितीचे काम मुख्यतः नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालांवर चालते. अहवाल सभागृहापुढे यायला हवा एवढे राज्यघटना सांगते, किती दिवसांत ते सांगत नाही. या फटीचा दिल्लीने अनुभव घेतला आहे. दिल्ली सरकारविषयीचे चौदा अहवाल विधानसभेपुढे न येता पडून राहिले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विलंबावर ताशेरे ओढले, पण विशेष अधिवेशन बोलावण्याचा आदेश दिला नाही. निवडणुकीनंतर सरकार बदलले आणि २५ फेब्रुवारीला पहिला अहवाल मांडला गेला. मद्यधोरणामुळे सुमारे २,००२ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे त्यात म्हटले होते. अहवाल खरा-खोटा यावर पक्ष भांडोत, पण तो वाचण्याचा आमदारांचा हक्क सरकारच्या सोयीवर अवलंबून राहिला, हे मला जास्त गंभीर वाटते. मांडणीची मुदत कायद्यात हवी.

संसदेचेही चित्र वेगळे नाही. खात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊन तिची रक्कम एक रुपयावर आणावी, असे म्हणता येते. धोरण नापसंत असल्याचे सांगण्याची ती रीत आहे. पण वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेत गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत संमत झाला.

प्रश्न आणि उत्तरे मात्र सगळ्यांना खुली आहेत. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, तारीख किंवा खासदाराचे नाव टाकून ती शोधता येतात. आपल्या खासदाराने या वर्षात काय विचारले ते वाचावे. एखाद्या उत्तरात जिल्ह्याचा आकडा टाळून फक्त राज्याचा दिलेला दिसला, तर तेवढाच मुद्दा धरून त्यांना पत्र लिहावे, आणि ते वेळेत लिहावे, कारण पुढच्या प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी जायला हवी.