पुसलेले वर्ष : एका अंतराळकथेतील काळ

कथनमीमांसेत घटनांचा काळ आणि निवेदनाचा काळ यांत भेद केला जातो. घडून गेलेला काळ कथेतच रद्द झाला, तर या भेदाचे काय होते? ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकी दूरदर्शन-मालिकेतील ‘इयर ऑफ हेल’ ही दोन भागांची कथा (नोव्हेंबर १९९७) या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले यान परतीच्या वाटेवर क्रेनिमांच्या प्रदेशात शिरते. पडद्यावर ‘दिवस १’, ‘दिवस ३२’ अशा नोंदी उमटत जातात. यान खिळखिळे होते, टुव्हॉक दृष्टी गमावतो. नोंदी २५७व्या दिवशी थांबतात. शीर्षकातील ‘वर्ष’ तसे सैलच म्हणावयाचे. अखेरीस कप्तान जेनवे आपले यान ॲनोरॅक्सच्या कालास्त्रनौकेवर आदळविते. नौकेसह तिने घडविलेले सारे बदल मिटतात आणि पुन्हा ‘दिवस १’ उमटतो.

पुढील आठवड्यात यान धडधाकट हवे, ही मालिकेची व्यावहारिक निकड यामागे आहेच. परंतु कथेने त्या निकडीलाच आशय केले आहे. गमावलेल्या पत्नीसाठी इतिहास पूर्ववत करू पाहणारा ॲनोरॅक्स जे इच्छितो, तेच मालिका दर आठवड्यास करीत असते. यानावरील कोणालाच त्या दिवसांची आठवण उरत नाही. त्यांचे धैर्य केवळ प्रेक्षकाच्या स्मृतीत शिल्लक राहते. ॲनोरॅक्सलाही काही आठवत नाही. घरी तो आकडेमोडीत गढलेला असतो. पत्नीच्या आग्रहावरून ती बाजूस ठेवतो.