मुका झालेला पहारेकरी

बेंगळुरूमध्ये के. आर. मार्केटजवळ सदर पत्रप्पा रस्ता आहे. लोक त्याला एस. पी. रोड म्हणतात. संगणकाच्या सुट्या भागांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. जुना संगणक आणि एक जादा नेटवर्क कार्ड एवढ्या सामग्रीवर घरची फायरवॉल उभी करता येते. इंटरनेटची तार एका कार्डात येते व दुसऱ्या कार्डातून घरातील इतर संगणकांकडे जाते. मधला संगणक पहारेकऱ्याप्रमाणे येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार तपासतो.

या पहारेकऱ्याला बहुधा पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. तो कपाटावर किंवा जिन्याखाली पडून असतो. वीज जाऊन परत आली, की तो जागा झाला किंवा नाही हे त्याच्या ‘बीप’ या आवाजावरूनच कळते. तो उठला नाही तर साऱ्या घराचे इंटरनेट ठप्प होते. म्हणून एके दिवशी बीप ऐकू आली नाही, की माणूस घाबरतो आणि मदरबोर्ड जळाला असे समजून मोकळा होतो. परंतु यंत्र बंद पडणे वेगळे आणि त्याचा स्पीकर बंद पडणे वेगळे.

हा आवाज कसा निर्माण होतो? १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५३ ही कालमापक चकती होती. तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने मिळत. या संख्येला ११९३ ने भागले, की सुमारे १००० कंपनांचा स्वर स्पीकरमधून निघे. पुढील पीसींनी हीच रीत चालू ठेवली. मात्र त्या काळच्या मोठ्या स्पीकरची जागा आता बोटाच्या पेराएवढ्या बझरने घेतली आहे, आणि पुष्कळ मदरबोर्डांबरोबर तोही मिळत नाही! तेव्हा बझर मुळात आहे का, हे प्रथम पाहावे.

फायरवॉलमध्ये दोन आवाज असू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे निम्मे काम होते. पहिली बीप बायॉसची. वीज मिळताच बायॉस यंत्राच्या भागांची तपासणी करतो व सर्व ठीक असल्यास अनेक मदरबोर्डांवर एकदाच बीप वाजते. दुसरा आवाज कार्यप्रणालीचा. उदाहरणार्थ, फ्रीबीएसडीवर आधारलेली पीएफसेन्स ही प्रणाली पूर्ण सुरू झाल्यावर एक लहानशी धून वाजवते.

पहिली बीप आली, पण धून आली नाही, तर स्पीकर धडधाकट आहे. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून फायरवॉलच्या पत्त्याला पिंग करावे. पीएफसेन्सचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आले तर पहारेकरी कामावर आहे. धून सेटिंगमधून बंद केलेली असू शकते. लिनक्स वापरत असाल, तर पीसी स्पीकरचे मोड्यूल पाहावे. अनेक वितरणांत ते मुद्दाम बंद ठेवलेले असते. उत्तर आले नाही, तर मात्र पडदा जोडून प्रणाली कोठे अडली हे पाहण्याला पर्याय नाही.

दोन्ही आवाज नसतील, तर वीज तोडून पेटी उघडावी. मदरबोर्डवर ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या चार पिना असतात. बझरच्या दोन तारा कडेच्या दोन पिनांवर हव्यात. त्या एक घर सरकल्या तरी आवाज येत नाही. साफसफाई करताना ही चूक सहज घडते.

तरीही शांतता असेल, तर एक जुनी युक्ती आहे. वीज तोडलेली असतानाच धातूच्या पेटीला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी, सर्व रॅम काढाव्यात आणि मग यंत्र सुरू करावे. स्मृतीच नसल्यामुळे बायॉसने तक्रारीच्या बीप वाजवायला हव्यात. वाजल्या तर मदरबोर्ड, प्रोसेसर व बझर यांत जीव आहे. नाही वाजल्या, तर चालू असलेल्या दुसऱ्या संगणकाचा बझर आणून लावून पाहावा. तोही गप्प राहिला, तरच वीजपुरवठा, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्याकडे वळावे. ज्या लहान बोर्डांवर रॅम डाग देऊन पक्की केलेली असते, तेथे ही युक्ती चालत नाही. तेथे बझर बदलून पाहणे आणि पिंग करणे, एवढेच हाती उरते.