वीस गावं, एक दौरा आणि विसराळू यंत्र

दिवाळी झाली की वडशात नाटकांचे बोर्ड चढतात. झाडीपट्टी रंगभूमीच्या अनेक कंपन्यांचं बस्तान इथंच. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं गाव, त्यामुळे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया अशा चारही जिल्ह्यांतले लोक नाटक ठरवायला इथं येतात. भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रा, मग शंकरपटाच्या बैलशर्यती, आणि पार होळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर प्रयोग. कुणाला कुठली तारीख द्यायची, कुठला नट किती नाईट देणार, आजच्या गावाहून उद्याच्या गावाला गाडी वेळेवर पोचणार का, हा सगळा गुंता बुकिंग बघणारा माणूस वहीत सोडवतो.

त्या वहीतला एक हिशेब करून पाहू. समजा कंपनीला वीस गावं करायची आहेत. आधी कुठलं, मग कुठलं? पहिलं गाव विसांपैकी कुठलंही, दुसरं उरलेल्या एकोणिसांपैकी, तिसरं अठरांपैकी. असा गुणाकार करत गेलं की क्रम निघतात सुमारे २४ हजार कोटी कोटी. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक बसवला तरी सगळे तपासायला ७७ वर्षं लागतील. आणि ऐन वेळी एकविसाव्या गावानं तारीख मागितली तर? ७७ गुणिले २१. सोळाशे वर्षं! एका गावापायी.

अर्थात सगळे क्रम कुणीच तपासत नाही, वहीवालाही नाही आणि संगणकही नाही. दोघंही युक्तीनं काम भागवतात. पण असे गुंते पाहिले की हल्ली क्वांटम संगणकाचं नाव निघतं, आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: तो सगळे क्रम एकदम तपासतो. हे वाक्य वाचलं की माझं डोकं उठतं. क्यूबिट, म्हणजे या संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा घटक, शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो हे खरं, पण मोजायला गेलात की हाती एकच उत्तर लागतं, तेही सोडतीसारखं. खरं कसब मोजण्याच्या आधीचं आहे. या अवस्था लाटांसारख्या वागतात, एकमेकींत मिसळून चढतात किंवा विझतात. तेव्हा क्रिया अशा रचायच्या की चुकीच्या उत्तरांच्या लाटा विझाव्यात आणि बरोबर उत्तराची चढावी. धान पाखडताना सूप असं हलवतात की कोंडा उडतो आणि दाणा राहतो. सूप काही एकेक दाणा तपासत नाही.

पण आजचं हे सूप फाटकं आहे. अतिवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक-दोन शतांश अंशांवर गारठवून ठेवतात, तरी ते आपली अवस्था सहसा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच विसरतात. क्रियांमध्ये चुका होतात त्या वेगळ्याच. जॉन प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञानं २०१८ मध्ये या काळाला नाव दिलं, त्याचा अर्थ ‘गोंगाटी, मध्यम आकाराच्या यंत्रांचा काळ’. मग अशा विसराळू यंत्राकडून काम कसं करून घ्यायचं?

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे चटकन कळेल. तालमी थोड्या, प्रयोग रोज. अशा नाटकाला प्रॉम्प्टर तारतो. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी हीच वाटणी मांडली. क्वांटम यंत्रानं छोटासा प्रवेश करायचा आणि विसरायच्या आत थांबायचं. साध्या संगणकानं निकाल पाहून पुढचा शब्द द्यायचा. पुन्हा प्रवेश, पुन्हा शब्द. रेणूची ऊर्जा काढायला ही पद्धत वापरतात, कारण रेणू मुळातच क्वांटम नियमांनी चालतो.

यातही एक मेख आहे. ऊर्जेच्या हिशेबाचे ढीगभर तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा म्हणजे यंत्राला विचारायचा एक प्रश्न, आणि एक मोजणी झाली की अवस्था मोडते. प्रत्येक प्रश्नासाठी मंडप नव्यानं उभारायचा! वीस क्यूबिटवर मांडलेल्या रेणूला ढोबळ हिशेबानं विसाचा चौथा घात, म्हणजे १ लाख ६० हजार प्रश्न पडतात. शिकागो विद्यापीठात पीएचडी करणारे प्रणव गोखले आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये दाखवलं की जे प्रश्न एकमेकांच्या आड येत नाहीत, ते एकाच मोजणीत विचारता येतात. घात चारावरून तिनावर येतो, १ लाख ६० हजारांचे आठ हजार. गंमत अशी की असे गट पाडणं हाच मुळी वडशाच्या वहीसारखा अवघड गुंता आहे. त्यांनी रेणूंच्या समीकरणांची ठेवणच वापरून त्यातून झटपट वाट काढली.

त्याच वर्षीची त्यांची दुसरी कल्पना मला जास्त आवडते. क्यूबिटला शून्य आणि एकच्या वर ‘दोन’ अशी आणखी एक पायरी असते. एरवी ती उपद्रवी मानून टाळतात. यांनी माहिती क्षणभर तिथं टेकवली, आणि काही गणितांतले जादा मदतनीस क्यूबिट वाचवले.

या कामातून सुपर.टेक ही छोटी कंपनी उभी राहिली, गोखले तिचे प्रमुख झाले. यंत्र दुसऱ्याचं, त्यातून जास्तीत जास्त काम काढून घेणारं सॉफ्टवेअर यांचं. मे २०२२ मध्ये कोल्डक्वांटा या कंपनीनं ती विकत घेतली. कोल्डक्वांटाच आता इन्फ्लेक्शन म्हणून ओळखली जाते. यंत्रावर आपल्याकडेही काम चालू आहे: कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या साथीनं बनलेल्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पार पडली.

बाकी दौरा आखण्यासारख्या रोजच्या कामात क्वांटम संगणकानं साध्या संगणकाला अजून निर्विवादपणे हरवलेलं नाही. बुकिंगची वही इतक्यात कुणी फेकू नये. पण वडशातल्या कॉलेजच्या मुलांनी हात मात्र जरूर घालून पाहावा. आयबीएमनं मे २०१६ मध्ये पाच क्यूबिटचं यंत्र इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं, तेव्हापासून अशा यंत्रांवर थोडा वेळ फुकट मिळत आला आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असली की पुरे. वीस गावं नकोत, चार घ्या. त्यांचे क्रम चोवीसच होतात. उत्तर आधी वहीत काढून ठेवा, म्हणजे यंत्र कुठं चुकलं ते कळेल.