आधी अंग तापू द्या

दिवाळी सरून मार्गशीर्ष लागला म्हणजे हुमनाबादच्या पंचक्रोशीत जत्रांचे आणि कुस्त्यांचे दिवस सुरू होतात. माणिकनगरास दत्तजयंतीची गर्दी लोटते, भालकी-बसवकल्याणच्या बाजूची गावे आपापल्या फडांची तजवीज करू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास बिदरच्या या उंच पठारावर पहाटेची थंडी अशी काही उतरते, की अंथरुणातून उठलेल्या धडधाकट माणसालाही आपले गुडघे व कंबर काही काळ परकी वाटावी. शरीर ज्या ऋतूत सर्वांत ताठर, त्याच ऋतूत त्याच्याकडून सर्वांत मोठ्या बळाची अपेक्षा, असा हा योग असल्यामुळे पाठीत उसण भरणे, पोटरीत गोळा येणे, मांडीत चमक मारणे या तक्रारी येथील तालमींना आणि अलीकडे निघालेल्या जिमना सारख्याच परिचयाच्या आहेत.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला; परंतु सरहद्दी सरकल्या तरी आखाड्याचा दस्तुर हलला नाही, आणि मराठी, कानडी व दखनी बोलणारे गडी एकाच हौदात उतरत राहिले. वजन उचलण्याची हौसही इकडे लोखंडी सळईच्या आधीपासूनची आहे. वाटोळा दगडी गुंड छातीशी धरून खांद्यावर चढविणे किंवा धान्याने भरलेले पोते उचलून पाठीवर घेणे, या उत्तर कर्नाटकाच्या जत्रांतील जुन्याच शर्यती होत.

तालमीत पहाटे आलेला पोरगा आल्याबरोबर कोणाशी भिडत नाही. लंगोट कसून तो आधी खोरे हाती घेतो. तेल, ताक, लिंबू, हळद व काव मुरविलेली हौदाची तांबडी माती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उकरतो, ढेकळे फोडतो, पायाने सारखी करतो. मग जोर, मग बैठका, मग मुद्गलांची जोडी फिरविणे, आणि कपाळावरचा घाम भुवईवर उतरला म्हणजे जोडीदाराशी हलकी पकड. खडाखडी व्हायची ती यानंतर. वस्तादांनी हा क्रम कोणत्या ग्रंथातून घेतला नव्हता, तरी शरीरशास्त्राच्या कसोटीस तो बहुतांशी उतरतो.

विश्रांत अवस्थेत हातापायांच्या स्नायूंचे तापमान शरीराच्या गाभ्यापेक्षा काही अंशांनी कमी असते. दहा-पंधरा मिनिटांच्या मध्यम श्रमाने ते चढू लागते, स्नायूंकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढतो, रक्तातील प्राणवायू ऊतींस अधिक सुलभतेने मिळतो, मज्जातंतूंचे संदेश जलद वाहतात आणि स्नायू व कंडरा यांचा ताठरपणा उतरतो. त्यामुळे तेच आकुंचन अधिक वेगाने व अधिक जोराने घडते. घाम फुटणे ही या अंतर्गत बंदोबस्ताची बाहेरून दिसणारी पावती होय.

स्नायू फाटतो कसा, हेही समजून घेण्याजोगे आहे. पुष्कळांची समजूत अशी, की तो उचलताना फाटतो. वस्तुतः आकुंचित अवस्थेतच तो जेव्हा बळाने लांबविला जातो, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. धावताना पुढे फेकलेला पाय आवरणारे मांडीमागचे स्नायू, बाकावर उताणे पडून छातीकडे उतरणारे वजन सावरणारा छातीचा स्नायू, ही याची ठळक उदाहरणे. चीर बहुधा स्नायू जेथे कंडरेस मिळतो तेथे पडते, आणि दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू तिला अधिक बळी पडतात. काही थोडे तंतू तुटले तर पहिली पायरी, बराचसा भाग तुटला तर दुसरी, आणि स्नायू संपूर्ण तुटला तर तिसरी, अशी या दुखापतीची प्रतवारी लावतात. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जे अंग ठणकते ती मात्र दुखापत नव्हे. त्यास लॅक्टिक आम्ल कारण आहे ही समजूतही आता टिकलेली नाही, कारण ते आम्ल श्रमानंतर तासाभरातच बहुतांशी नाहीसे होते.

आता जिमकडे वळू. दिवसभर दुकानी बसलेला किंवा मोटार हाकलेला तरुण सायंकाळी येतो, भिंतीशी उभा राहून दोन्ही हात एकदा ताणतो आणि सळईवर एकदम शंभर किलो चढवितो. त्याने काय करावे? पाच-सात मिनिटे जलद चालणे वा सायकल. मग पाय झुलविणे, हात फिरविणे, रिकाम्या बैठका. मग वीस किलोची नुसती सळई घेऊन आठ-दहा वेळा. नंतर चाळीस किलो पाच वेळा, साठ किलो चार वेळा, ऐंशी दोनदा, नव्वद एकदा, आणि मग शंभर. यास वेळ फार लागत नाही, आणि हलक्या वजनावर घडलेली प्रत्येक हालचाल ही त्याच हालचालीची तालीम असल्यामुळे पाठ कोठे वाकते, गुडघा कोठे आत पडतो, हेही ध्यानात येते.

स्नायू ताणून बराच वेळ तसेच धरून ठेवण्याची जी रीत शाळेच्या कवायतीतून आपल्या अंगवळणी पडली, तिच्याविषयी मात्र मत बदलले आहे. एकेक स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याचे बळ काही वेळापुरते घटते. तो ताण व्यायामानंतर द्यावा हे बरे. २०१४ साली अनेक चाचण्यांचा एकत्र धांडोळा घेतला गेला, तेव्हा नुसत्या ताणण्याने खेळातील दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. उलट बळवर्धक व्यायामाने त्या एक-तृतीयांशाहूनही खाली आल्या. ज्या वजनाच्या भयाने लोक दचकतात, तेच क्रमाने उचलले असता रक्षक ठरते, हा या विषयाचा गाभा होय.

तरीही अंग तापविणे म्हणजे अभयपत्र नव्हे. सांगलीचा भारोत्तोलक संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावर होता. १३९ किलोच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचा उजवा कोपर दुखावला. तशा हाताने त्याने तिसरा प्रयत्नही केला, तो फसला, आणि मलेशियाच्या स्पर्धकाच्या २४९ किलोंपुढे त्याचे २४८ एका किलोने उणे पडले. सामर्थ्याच्या परमावधीवर जोखीम उरतेच. क्रम ती घटवितो, नाहीशी करीत नाही.

दुखापत झाल्यावर आमच्याकडे पहिला हुकूम सुटतो तो मालिशीचा. येथे जुन्या तालमीची तरफदारी करता येत नाही. मार लागून ताजी सुजलेली मांडी जोराने रगडली, तर आतील रक्तस्राव वाढतो आणि प्रसंगी स्नायूत हाडासारखी गाठ धरते. पहिले दोन दिवस पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, दुखणे सोसेल तितकीच हालचाल करावी. मात्र बेमुदत विश्रांतीही हितावह नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या एका चाचणीत, दुखापतीनंतर दोन दिवसांनी व्यायाम सुरू केलेले खेळाडू नऊ दिवस थांबलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी मैदानात परतले. ‘कट्’ असा आवाज होऊन स्नायूत खळगा पडला, पायावर भारच देववेना, किंवा ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्यावर लघवी काळसर चहासारखी झाली, तर हाडवैद्याची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे. यातील शेवटचे लक्षण स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर भार पडल्याचे असते आणि ते जिवावर बेतू शकते.

सारांश, दुखापत बहुधा वजनाने होत नाही, वजन ज्या त्वरेने वाढविले त्या त्वरेने होते. अर्ध्या तासात रिकाम्या सळईपासून शंभर किलोंपर्यंत जाण्याचा जो नियम, तोच वर्षाच्या हिशेबी महिन्यामागून महिना बळ वाढविण्याचा. मार्गशीर्षातल्या फडासाठी कार्तिकात जागे होणाऱ्या गड्याने दंगलीच्या दिवशी कितीही घाम काढला तरी तो घाम मागील आठ महिन्यांची बाकी फेडू शकत नाही. अशा गड्यास यंदा फडाच्या कडेला बसवून पुढल्या सालाची तयारी आजपासून सुरू करावयास लावणे, हेच जाणत्या वस्तादाचे काम.