पडद्यावर कोण राबतं?

ठाण्याहून जुन्या रस्त्यानं भिवंडीकडं निघालात की कशेळी, काल्हेर मागं टाकून पूर्णा लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आणि त्यांच्या दारांत पाठ लावून उभे असलेले ट्रक. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर उतरवायला सुरुवात केली आणि आमच्या भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं राहिली, उलट वाढली. पलीकडं भिवंडी शहरात यंत्रमागांचा खडखडाट आहेच. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला सिनेमा बघताना एक खोड लागते. पडद्यावरचा माणूस पोटासाठी काय करतो आणि ते काम सिनेमावाल्याला ठाऊक आहे का, हे तो आधी बघतो. गेल्या चाळीसेक वर्षांत पाहिलेल्या सिनेमांबद्दलची माझी मतं बहुतेक या खोडीतूनच आली आहेत. समीक्षकांना ती पटतीलच असं नाही.

आधी बघण्याच्या सोयीविषयी. पूजेच्या रात्री पटांगणात पांढरा पडदा लागायचा. पुढं जागा नाही मिळाली तर पडद्यामागं बसायचं. तिथून नायक डावखुरा दिसायचा, एवढाच फरक. मग व्हिडिओ आला. वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि भाडं वसूल व्हावं म्हणून पहाटेपर्यंत एकामागून एक सिनेमे बघायचे. त्यानंतर दूरदर्शनवर रविवारी दुपारी चारचा मराठी सिनेमा. मोठ्या पडद्यावर बघायचं तर भिवंडी नाहीतर ठाणं गाठायचं. आता पोरं गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अर्धा सिनेमा बघतात आणि उरलेला घरी जाताना रिक्षात.

पटांगणातला राजा म्हणजे दादा कोंडके. दादांचं यश नुसत्या द्व्यर्थी संवादांवर ढकलून मोकळं होणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ‘सोंगाड्या’तला (१९७१) नाम्या काय किंवा ‘पांडू हवालदार’मधला (१९७५) पांडू काय, चारचौघांत ज्याला कुणी मोजत नाही असा माणूस त्यांनी मधोमध आणून उभा केला. त्याची नाडी लोंबते, त्याला बोलायचं भान नाही, आणि तरी शहाण्यांची फजिती तोच करतो. नऊ मराठी सिनेमांच्या रौप्यमहोत्सवाचा विक्रम गिनीज बुकात गेला तो काही फक्त चावटपणावर नाही. पुढच्या सिनेमांत मात्र नाडी राहिली आणि माणूस हरवला. हिंदीत गेल्यावर तर उरलं ते सगळं नाडीवरच.

‘संत तुकाराम’ (१९३६) मी दूरदर्शनवर पाहिला. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, व्हेनिसला जाऊन गौरव मिळवून आलेला सिनेमा, हे सगळं नंतर वाचलं. तेव्हा लक्षात राहिली ती गौरीनं केलेली जिजाई. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा डोळे मिटून तल्लीन झालेला असतो तेव्हा पोरांच्या पोटाला काय घालायचं, म्हशीचं काय, ही विवंचना जिजाईला. एका प्रसंगात ती पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबापुढं जाऊन उभी राहते. भक्तिपटात देवाला असा जाब विचारणारी बाई दाखवायची आणि तरी प्रेक्षकांचे हात जोडलेलेच ठेवायचे, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. संताचं मोठेपण जिजाईच्या कष्टांशेजारी ठेवल्यामुळंच खरं वाटतं. नंतरच्या बहुतेक संतपटांत चमत्कार वाढले आणि चूल विझली.

‘पिंजरा’ (१९७२) हा घराघरांत आवडलेला सिनेमा मला मात्र अर्धाच आवडतो. डॉ. लागूंचा गुरुजी पायरीपायरीनं ढासळतो ते बघण्यासारखं आहे. पण गुरुजीचा अधःपात दाखवायचा म्हणजे काय, तर तो तमाशाच्या फडात पडेल ती कामं करतो. का बरं? फडातली माणसं तेच काम रोज करतात, त्यावर त्यांची पोरं जगतात. ती सगळी नरकातच आहेत का? याचं उत्तर मला फार नंतर ‘नटरंग’मध्ये (२०१०) मिळालं. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा सिनेमा गुणाची मेहनत दाखवतो. मजुरी करून कमावलेलं अंग झडवून नाच्याची लचक आणायची, घरच्यांची आणि गावाची टिंगल सोसायची. अतुल कुलकर्णींनी त्या दोन्ही देहांसाठी घेतलेले कष्ट दिसतात आणि कला हेही रोजचं काम आहे हे कळतं.

जब्बार पटेलांचे तीन सिनेमे मी पुनःपुन्हा बघतो. ‘सामना’ (१९७४) तेंडुलकरांनी लिहिलेला. साखर कारखाना, सहकार आणि त्यावर बसलेला निळूभाऊंचा हिंदुराव. दारूत बुडालेला मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहतो आणि एवढ्या एका प्रश्नानं अख्खं साम्राज्य हलतं. ‘सिंहासन’ (१९७९) राजकारणावरचा म्हणून नावाजला जातो. मला तो पत्रकारितेवरचा वाटतो. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस सगळं बघतो, सगळं समजतो, आणि छापता येतं त्यातलं किती थोडं! शेवटी त्याला वेड्यासारखं हसू फुटतं ते त्यामुळंच. तिसरा ‘जैत रे जैत’ (१९७७). आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या शहापुरात ठाकरवाड्या आहेत, त्यामुळं पडद्यावरचे ठाकर खोटे वाटतात का हे मी जरा डोळ्यांत तेल घालूनच पाहिलं. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील हे शहरी नट असूनही सिनेमा तग धरतो, कारण त्यात मध काढणं हे नुसतं निमित्त नाही. डोंगराच्या कड्यावरची पोळी, धूर, दोर, राणीमाशीशी मांडलेलं वैर, सगळं त्या कामातून आलेलं आहे. महानोर आणि हृदयनाथांची गाणीही त्या कड्यावरूनच खाली येतात.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कुणाला आवडत नाही? हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) तो बेतला, पण इतका आपला झाला की मूळ कुणाच्या ध्यानीमनी नाही. त्यातले विनोद सगळ्यांना पाठ असतात. मला त्यातला भाड्याचा हिशेब जास्त भावतो. चार एकटे पुरुष, त्यांना कुणी खोली देत नाही. म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. आमच्या भागात मागावर नाहीतर गोदामात कामाला आलेल्या एकट्या पुरुषाला खोली शोधताना आजही हाच प्रश्न विचारतात, फॅमिली आहे का? सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार हा मराठी सिनेमातला सर्वांत खरा घरमालक आहे, हे मी अनेक घरमालकांच्या शेजारी राहून सांगतो.

‘माहेरची साडी’ (१९९१) आला तेव्हा बायका टेम्पो करून थिएटरला गेल्या. आमच्या घरातल्याही गेल्या आणि डोळे सुजवून आल्या. सिनेमा म्हणून तो मला सोसत नाही. अलका कुबल सोसते, सोसते आणि सोसते. त्यापलीकडं तिच्या स्वभावाचा एकही कंगोरा दिसत नाही. तरीही त्या टेम्पोतल्या बायकांना हसणाऱ्यांत मी नाही. त्यांना हक्कानं रडायला तीन तास मिळाले होते, आणि दुसऱ्या कुणी ते देऊ केले नव्हते.

त्याच सुमारास गोदामं वाढू लागली होती. माग तर फार आधीपासूनचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपावर नाटकं आली, कादंबऱ्या आल्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’वरून महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ (२०१०) केला. चाळीतलं घर, बेकार भाऊ, आईची ओढाताण, इथवर तो घट्ट धरून ठेवतो. मग रक्त इतकं उडतं की माणसं दिसेनाशी होतात. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. गिरण्या बंद पडल्या म्हणून लोकांनी कपडे घालायचं थांबवलं नाही. ते कापड भिवंडीसारख्या गावांत विणलं जाऊ लागलं, बारा-बारा तासांच्या पाळीत, कानठळ्या बसवणाऱ्या गाळ्यांत. संपाच्या गोष्टीचा हा उत्तरार्ध मराठी पडद्यानं सांगितलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

मागाचा आवाज पडद्यावर ऐकायचा तर मालेगावला जावं लागतं. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट त्यासाठी बघावा. घरच्या पैशांतून, उसन्या कॅमेऱ्यावर, ओळखीच्यांना गोळा करून सिनेमे काढणारी ही मंडळी. आणि त्यांचा सुपरमॅन आहे मागावर काम करणारा एक काडीपैलवान. याच मंडळींवर बेतलेला रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२५) हिंदीत आला. तो गोड आहे, हसवतो, रडवतो. पण माहितीपटात माग हे काम आहे आणि हिंदी सिनेमात तो देखावा होतो. दोन्ही बघणाऱ्याला हा फरक पहिल्या पंधरा मिनिटांत जाणवेल.

२००४ मध्ये ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी, आणि मराठी सिनेमाला पुन्हा धुगधुगी आली असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. नातवाचे डोळे काढावे लागणार हे त्याला सांगायचं कसं, या एका गोष्टीवर संदीप सावंतांनी सिनेमा तोलला. पण माझ्या हिशेबानं मोठी उडी दहा वर्षांनी पडली. ‘फँड्री’त डुकराच्या मागं धावणारं जब्याचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थबकतं. पुढं तेच डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर-सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून नेतात. नागराज मंजुळे एक शब्दही समजावत बसत नाहीत. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये गटारसफाई कामगाराची विधवा साक्ष देते: नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ वर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे भाव काढल्यासारखं सपाट सांगते आणि वकील पुढचा प्रश्न विचारतो. मी पाहिलेल्या मराठी सिनेमांत कामाविषयी याहून भेदक काही बोललं गेलेलं नाही.

‘सैराट’बद्दल (२०१६) माझं मत ऐकून मित्र वैतागतात. मला पूर्वार्धापेक्षा उत्तरार्ध आवडतो. गाणी, विहीर, बुलेट हे सगळं ठीकच. पण हैदराबादच्या झोपडपट्टीत पाटलाच्या आर्चीला नाक दाबून राहावं लागतं, कारखान्यात कामाला जावं लागतं, तिथं खरा सिनेमा सुरू होतो. त्यांना आसरा देणारी डोसेवाली सुमनअक्का छाया कदमांनी अशी केली आहे की ती आपल्याच गल्लीत राहते असं वाटावं.

आता जमिनीकडं येतो, कारण पूर्णा-काल्हेरच्या माणसाला तो विषय टाळून चालत नाही. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’च्या (१९५३) शेवटी शंभूला स्वतःच्याच जमिनीतली मूठभर मातीसुद्धा रखवालदार नेऊ देत नाही. पासष्ट वर्षांनी प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) जमीन विकलेला बाप तसाच परावलंबी होतो आणि पोरगा गुंड. मोहन जोशींचा बाप मला अजून छळतो. पण सिनेमा पोराच्या रुबाबात रमतो, आणि थिएटरात शिट्ट्या पडतात त्या नेमक्या ज्याला दोष द्यायचा त्यालाच. अलीकडचा ‘दशावतार’ही (२०२५) कोकणातल्या खाणींचा प्रश्न हाती घेऊन शेवटी सुडाकडं वळतो. दिलीप प्रभावळकरांसाठी मात्र तो बघाच.

आमची गोष्ट या तिघांतही बसत नाही. आमच्याकडं अनेकांनी जमीन विकली नाही. गोदामं बांधली आणि भाडं घेतलं. घराला टाइल्स आल्या, दारात पांढरी गाडी आली, हळदीला डीजे आला. बापाला खाचरात चिखल तुडवायचं माहीत होतं, पोराला महिन्याच्या पाच तारखेची वाट बघायचं माहीत आहे. त्याच गोदामात मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली माणसं पाठीवर माल वाहतात. एका पत्र्याखाली हे दोघं, एकाला काम नाही आणि दुसऱ्याला उसंत नाही. ‘दीवार’मधला गोदीतला विजय सोडला तर गोदी-गोदामांतला हमाल हिंदीतही बहुतेक कडेलाच उभा असतो.

हा सिनेमा कुणी करणार असेल तर माझं एकच सांगणं आहे. पटकथेला बसण्याआधी एक पाळीभर गोदामात उभं राहावं आणि पोतं पाठीवर कसं घेतात ते नीट बघावं. गुंड आणि गाणी नंतर घालता येतील.