विश्लेषण : जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण... लादीआधी स्लॅब, पाइप आणि वायर तपासणे का महत्त्वाचे?

पहिले घर घेणारे अनेक जण पुनर्विक्रीतला फ्लॅट निवडतात. त्याच पैशांत थोडी मोठी जागा मिळते, स्टेशन किंवा शाळा जवळ असते आणि ताब्यासाठी थांबावे लागत नाही. मात्र इमारत 25-30 वर्षे जुनी असते आणि घराची चावी हातात येताच चर्चा सुरू होते ती लादी, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगची. बजेटचा मोठा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या कामांवर जातो. स्लॅबमधली सळई, भिंतीतला पाइप आणि वायर तशाच राहतात. दोन पावसाळ्यांनंतर गळती सुरू झाली की नवी लादी फोडावी लागते. म्हणूनच जुन्या घराचे काम कोणत्या क्रमाने करावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

खर्च करण्याआधी कोणती कागदपत्रे पाहावीत?

सर्वात आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी, तर 30 वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करणे अपेक्षित आहे. अहवालात मोठ्या दुरुस्तीची शिफारस असेल, तर त्यासाठीची वर्गणी तुमच्याही वाट्याला येणार, हे गृहीत धरावे.

दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचावीत. राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानुसार पुनर्विकासासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी आहे. त्यामुळे ‘सगळे कुठे तयार होतायत’ या भरवशावर राहू नये. प्रक्रिया पुढे गेली असेल, तर रंग, वायरिंग आणि गळतीची दुरुस्ती एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे.

छताचे पोपडे का पडतात?

काँक्रीटमधील सळईला सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे संरक्षण मिळते. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि हे संरक्षण कमी होते. त्यात वरच्या मजल्यावरील बाथरूमची ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते. त्या दाबाने काँक्रीट फुटते आणि पोपडा खाली येतो.

त्यावर पीओपी किंवा प्लास्टर मारले, तर काही महिने छत चांगले दिसते, पण आत गंज वाढतच राहतो. योग्य पद्धत म्हणजे सैल काँक्रीट काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, गंजरोधक लेप देणे, सळई फार झिजली असेल तर जोड देणे आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने किंवा मायक्रो काँक्रीटने भाग भरणे. विकणाऱ्याने फॉल्स सीलिंग केलेले असेल, तर बाथरूमलगतचा एखादा तुकडा उघडून वरचा स्लॅब पाहावा. काँक्रीटच्या ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन लावल्यास निरोगी काँक्रीट गुलाबी होते, संरक्षण संपलेला भाग रंगहीन राहतो. ही साधी चाचणी अभियंता जागेवरच करू शकतो.

कोणती भिंत पाडता येते?

हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडण्याची मागणी सर्रास होते. भार पेलणाऱ्या भिंतींच्या जुन्या इमारतींत जाड भिंती हेच खांब असतात. त्यांना हात लावणे म्हणजे वरच्या मजल्यांचा आधार काढणे. आरसीसी इमारतीत भार बीम आणि कॉलम पेलतात आणि साडेचार इंची विटांची भिंत बहुतेक वेळा केवळ विभागणीसाठी असते. पण नुसत्या जाडीवरून निर्णय घेऊ नये. मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल अभियंत्याचे लेखी मत, दोन्ही हवेत. एसीचा पाइप नेण्यासाठी बीमला भोक पाडणे, वायरसाठी कॉलममध्ये खाच घेणे, हेही तितकेच घातक.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. 2013 मध्ये डॉकयार्ड रोड येथील महापालिकेची इमारत कोसळून 61 जणांचा, तर 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमधील साईदर्शन इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या बदलांवर बोट ठेवले गेले.

बाल्कनीबाबत आणखी सावध राहावे. बाहेर झुकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते. लादी काढताना ब्रेकर खोलवर गेला, तर तीच सळई उघडी पडते. बाल्कनी खोलीत घेऊन तिच्या कडेला विटांची भिंत उभारणे तर टाळावेच.

जुन्या लादीवरच नवी लादी बसवली तर?

तोडफोड आणि राडारोडा वाचतो म्हणून हा पर्याय लोकप्रिय आहे. पण वजनाचे गणित पाहा. 10 मिलिमीटर जाडीची टाइल आणि तिच्याखाली 20 मिलिमीटर सिमेंट मॉर्टर धरले, तर एका चौरस मीटरवर सुमारे 65 किलो भार वाढतो. 500 चौरस फुटांच्या घरात हा भार तीन टनांपर्यंत जातो. भारतीय मानकांनुसार घरातील खोल्यांसाठी माणसे, फर्निचर आदींचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो धरला जातो. म्हणजे त्याच्या जवळपास एक तृतीयांश क्षमता लादीच खाऊन टाकते. जुनी लादी घट्ट आणि सपाट असेल, तर पातळ थरातल्या टाइल अॅडहेसिव्हने हे वजन निम्म्यावर आणता येते. तरीही आधी स्लॅबची अवस्था तपासावी.

नव्या भिंतीबाबतही हेच. साडेचार इंची विटांच्या, तीन मीटर उंच भिंतीचे वजन प्लास्टर न धरताही दर मीटर लांबीला साधारण साडेसहाशे किलो असते. चार इंची एएसी ब्लॉकची तशीच भिंत 200 किलोंच्या आसपास असते.

गळतीचा खर्च कोणी करायचा?

आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारे पावसाचे पाणी, बाहेरील सामाईक जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांची गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटमधील शौचालय, बाथरूम किंवा सिंकची गळती त्या सभासदाची. तुमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपत असेल, तर खर्च तुमचा. वरून येत असेल, तर वरच्याचा.

म्हणून बाथरूम फोडले की गंजलेले जीआय पाइप बदलावेत. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरता येतो. भिंत बंद करण्याआधी पाइपांची दाब चाचणी घ्यावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचे तोंड बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घराचे छत शेजाऱ्यांसोबत पाहावे. लादी बसवायची ती यानंतरच. मिस्त्री घाई करतील, पण हा दीड-दोन दिवसांचा उशीर पुढचे वाद वाचवतो.

वायरिंग पूर्ण बदलणे गरजेचे आहे का?

पंखा, ट्यूबलाइट आणि टीव्ही यांच्यासाठी टाकलेली वायर आजच्या उपकरणांसाठी अपुरी पडते. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, गिझर दोन आणि इंडक्शन दोन किलोवॅट वीज घेतो. तिन्ही एकाच वेळी सुरू झाले तर 24 अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. म्हणून एसी आणि गिझरला स्वतंत्र सर्किट आणि पुरेशा जाडीची तांब्याची वायर द्यावी. अनेक जुन्या घरांत अर्थिंगच नसते, ते आधी तपासावे.

एमसीबी जादा भारापासून वायरला वाचवतो, माणसाला विजेच्या धक्क्यापासून नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी हवा. एकूण भार वाढणार असेल, तर वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

परवानगी कशासाठी लागते?

रंग, लादी, प्लास्टर यांसारख्या किरकोळ दुरुस्तीला सर्वसाधारणपणे महापालिकेची परवानगी लागत नाही. इमारतीच्या रचनेत बदल होत असेल, तर लागते. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे नियम वेगळे आहेत. कोणतेही काम सुरू करण्याआधी सोसायटीला कामाच्या तपशिलासह लेखी कळवावे. कामाची वेळ, लिफ्टचा वापर आणि राडारोडा कुठे टाकायचा, हे आधीच ठरले तर शेजाऱ्यांशी खटके उडत नाहीत.

कामाचा क्रम आणि पैशांचे नियोजन कसे असावे?

आधी तपासणी, मग तोडफोड, स्लॅब-बीमची दुरुस्ती, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग, वायरिंग, प्लास्टर, लादी, सुतारकाम आणि शेवटी रंग, असा क्रम ठेवावा. ओल नेमकी कुठून येते, हे जुलै-ऑगस्टमध्ये चांगले कळते. पण प्लास्टर आणि रंग भिंती कोरड्या झाल्यावरच करावेत.

कंत्राटदाराशी ‘एकरकमी’ तोंडी व्यवहार करू नये. प्रत्येक कामाचा दर चौरस फुटावर किंवा नगावर लिहून घ्यावा, साहित्याचा दर्जा नमूद करावा आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल, हे सांगता येत नाही. त्यामुळे बजेटच्या 15 ते 20 टक्के रक्कम बाजूला असावी. पैसे कमी पडलेच, तर मॉड्युलर किचन वर्षभर पुढे ढकलता येते. लादीखालचा पाइप मात्र लादी बसण्याआधीच बदलावा लागतो.